स्प्रिंगांना ओझं लागतं

आमच्या आईच्या दारातून कुणाचीही गाडी रिकामी जात नाही. दूधवाल्याच्या मोटारसायकलला ती भोपळा अडकवते. मीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्या माणसाच्या सॅकमध्ये काकड्या कोंबते. मग पोटच्या लेकीची चार चाकांची गाडी अंगणात उभी राहिली की तिला काय होत असेल! ती आधी माझ्याकडे बघतच नाही, डिकीकडे बघते.

माझं माहेर इगतपुरीच्या पलीकडे, धरणाच्या अंगाला. भाताची थोडी खाचरं आहेत. थोरला भाऊ, म्हणजे दादा, रेल्वेत आहे आणि ड्यूटी सांभाळून तीच शेती करतो. आई त्याच्याजवळ राहते. मी नाशिकला एका शाळेत शिकवते आणि नवरा सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आमची गाडी लहान आहे, चार माणसं आणि चार पिशव्या एवढ्याच बेताने बनवलेली. आईला हे मान्य नाही. तिच्या मते गाडी असते ओझं वाहायला, माणसं काय एसटीनेही जातात.

भात झोडून झाला की आमची फेरी ठरलेली. तांदूळ, नागली, वरई, खुरासणी, उडीद, वर बांधावरच्या तुरीचं गाठोडं. एका वर्षी तिने चक्क पाटा-वरवंटा घातला. मिक्सरमधल्या चटणीला चव नसते, हे तिने आमच्याकडे जेवताना मनात ठेवलं होतं. नवऱ्याने तो पाटा छातीशी धरून डिकीत ठेवला तेव्हा गाडीचं मागचं अंग असं खाली बसलं की अंगणातल्या कोंबड्या लांब पळाल्या. आई म्हणाली, "अजून जागा हाय की."

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. देण्यात आईचा हात जितका सैल, तितकाच घेण्यात आखडता. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही, ही तिच्या लहानपणापासूनची शिकवण. तिची आई तर म्हणे लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नव्हती. आमची आई तेवढी कडक नाही. चहा पिते, जेवते, चार दिवस राहते. पण परत निघताना तिच्या पिशवीत साखरेचा पुडादेखील ठेवू देणार नाही. एकदा मी गुपचूप एक साडी ठेवली. ती दादाबरोबर परत आली, आणि सोबत पिशवीभर उडीद. मला इतका राग आला होता की मी ते उडीद कितीतरी दिवस शिजवले नाहीत. मग शिजवले. चांगले लागले, त्यामुळे आणखी राग आला.

तर गोष्ट त्या गाडीच्या मागच्या अंगाची आहे.

मागे ओझं झालं की गाडी नुसती बसत नाही, तिचं सगळं वागणंच बदलतं. तोंड वर होतं, स्टेअरिंग हलकं लागतं, आणि दिवे रस्त्यावर पडायचे सोडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतात. एका वर्षी दिवेलागणीला आम्ही असे भरून परत येत होतो. गाडी मी चालवत होते. समोरचा प्रत्येकजण मला दिवे मारत होता आणि मीही चिडून त्याला मारत होते. हायवेवर एक भलामोठा ट्रेलर जोरात बाजूने पुढे गेला आणि आमच्या गाडीचं शेपूट एकदम एका बाजूला गेलं, मग दुसऱ्या बाजूला. स्टेअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी कुणा तिसऱ्याच्याच हातात होती. नवरा एरवी मी गाडी चालवत असताना सूचनांचा पाऊस पाडतो. त्या वेळी त्याने दाराच्या वरची मूठ धरली आणि तो एक शब्द बोलला नाही. यावरूनच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. पुढच्या ढाब्यापाशी मी गाडी थांबवली आणि उरलेला रस्ता बैलगाडीच्या चालीने काढला.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, यापुढे माहेराहून एक मूठ तांदूळसुद्धा आणायचा नाही. जाहीर करणं सोपं होतं. पुढच्या फेरीला आईने ओसरीवर पोती लावून ठेवली होती. मी म्हटलं, "आई, या वेळी काही नको. गाडीला झेपत नाही." तिने एका पोत्याची सुतळी सोडली आणि भांड्याने तांदूळ परत कणगीत ओतायला लागली. चहा झाला, जेवण झालं, आम्ही निघालो, तोवर ती ओतच होती.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. "तू आईला काय बोललीस गं? जेवायला बसली की म्हणती, माझं धान्य पोरीला जड झालं."

मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "अहो, काहीही करा, पण ही गाडी मागून उचला."

नवऱ्याला एवढंच ऐकायचं होतं. मशीनमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला घरात कुणी काही दुरुस्त करायला सांगितलं की त्याच्या तोंडावर जो आनंद येतो, तो आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. त्याने रविवारी गाडीखाली सतरंजी टाकली. मागचे दोन्ही शॉकअप गळत होते, तेलाने माखले होते. चाकांत हवा कमी होती. आणि आपण पोती कशीही रचतो, सगळं वजन मागच्या चाकांच्या पलीकडे लटकतं, असं त्याने मला अंगणातल्या फळकुटावर वीट ठेवून समजावून दिलं. मला पहिल्याच वेळी समजलं होतं, पण त्याने तीनदा समजावलं. जड ते खाली आणि पुढे, पुढच्या सीटांच्या पाठीशी. हलकं तेवढं डिकीत. भरून जायचं असेल तेव्हा मागच्या चाकांत हवा जास्त. आणि नवे शॉकअप.

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण शॉकअप बसवायला तो सातपूरच्या एका गॅरेजमध्ये गेला आणि तिथला मेकॅनिक त्याच्याहून उत्साही निघाला. तो म्हणाला, शॉकअप बदलताच आहात तर स्प्रिंगाही जाड टाका. स्प्रिंगा टाकताच आहात तर त्यांच्या वेढ्यांत रबराचे बफर बसवून घ्या, मग गाडी जन्मात बसणार नाही. दोघांचं असं जमलं की मला घ्यायला जावं लागलं. गाडी जॅकवरून उतरली तेव्हा तिचं मागचं अंग पुढच्यापेक्षा चांगलंच उंच दिसत होतं. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "मॅडम, आता मागं हत्ती बसवा."

मी म्हटलं, "हत्ती परवडला. तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही."

आम्ही मुद्दाम माहेरी गेलो. नवऱ्याने आईला अंगणात बोलावून, गाडीच्या मागच्या अंगावर हात मारून सांगितलं, "आई, आता काय द्यायचं ते द्या." आई त्याच्याशी पदर सावरूनच बोलते. ती हळूच म्हणाली, "जावईबापू, उगा माझ्यासाठी गाडीला खर्च केला का?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. त्या दिवशी तिने मागची सगळी कसर भरून काढली. परतीच्या वाटेवर मी गाडी चालवली. हायवेवर ट्रेलर बाजूने गेले आणि गाडी जागची हलली नाही. रुळावरून चालल्यासारखी आली. मला खरंच बरं वाटलं आणि मी नवऱ्याला तसं सांगितलंही. ते सांगायला नको होतं, पुढे महिनाभर तो तेच ऐकवत होता.

आता गंमत पुढे. भरलेली गाडी मखमलीसारखी, पण रिकामी असली की काही विचारू नका. त्या जाड स्प्रिंगा आणि बफर पोत्यांसाठी होते. मी एकटी शाळेत निघाले की त्यांना माझं वजन जाणवतच नव्हतं. लहानशा खड्ड्यातही मागचं अंग उडायचं आणि पाठीच्या कण्यातून कळ थेट मानेत. डब्यातली आमटी झाकणाला लागलेली असायची. कॉलनीतल्या शेजारीणबाई एकदा माझ्याबरोबर बाजारात आल्या. परत येताना पिशव्या घेऊन मुकाट्याने रिक्षात बसल्या. मी नवऱ्याला म्हटलं, "ते बफर काढा." तो म्हणायचा, "अगं, गाडी रस्ता धरते." मी म्हणायचे, "रस्ता धरते आणि मला सोडते." हा वाद आमच्याकडे कायमचाच होऊन बसला, आणि बफर तसेच राहिले.

मग पावसाळ्यात, भात लावून झाल्यावर, एका सकाळी दादाचा फोन आला. इगतपुरीकडचा पाऊस काय असतो हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत. अंगणात शेवाळ माजतं. आई गोठ्याकडे जाताना त्या शेवाळावर घसरली होती आणि पाठीवरच पडली होती. उठता येत नव्हतं. तालुक्याहून डॉक्टर येऊन बघून गेले होते. पायाची बोटं हलतात, चिमटा काढला तर कळतं, हे चांगलं आहे, पण मणक्याला मार दिसतोय, नाशिकला नेऊन फोटो काढा, असं ते म्हणाले होते. आणि एक गोष्ट त्यांनी दादाला दोनदा सांगितली होती. नेताना हादरा बसू देऊ नका. मणका मोडला असेल आणि सरकला तर पाय जातील.

हे ऐकून माझ्या हातातली चहाची कपबशी मी कुठे ठेवली ते मला आठवत नाही. आई म्हणजे चालणारी बाई. खाचरांच्या बांधावरून पंच्याहत्तरीतही माझ्यापुढे जाते. तिचे पाय जाणं म्हणजे काय, याचा विचार मी पूर्ण होऊ दिला नाही.

दादाने ॲम्ब्युलन्सची गोष्ट काढून पाहिली होती. आईने ठाम नाही सांगितलं. "त्या गाडीतनं तुझा बाप गेला, तो परत आला नाय. मला पोरीच्या गाडीतनं न्या." दादाने मलाच समजवायला लावलं. मी फोनवर समजावलं, रागावले, शेवटी रडले. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कधी निघताय?" डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सीट पूर्ण पाडून आडवं नेता येत असेल तर गाडीनेही चालेल, फक्त हादरा नको.

आम्ही दोघं निघालो. नवरा गाडी चालवत होता. गाडी रिकामी होती. तो प्रवास मी विसरणार नाही. पावसाने रस्त्यांची चाळण झालेली. हायवे सोडून आत वळल्यावर तर खड्डे कुठले आणि रस्ता कुठला कळत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला गाडी मागून उडायची, माझे दात एकमेकांवर आपटायचे आणि मला तिथे आई झोपलेली दिसायची. गावात शिरताना विहारासमोर एक स्पीडब्रेकर आहे. पोरं मोटारसायकली पळवतात म्हणून गावाने स्वतःच घातलेला, कुणाला न विचारता, चांगला गुडघाभर. त्यावरून गाडी हळूच नेली तरी मागची चाकं उतरताना असा दणका बसला की मी ओरडलेच. "काढा म्हणत होते ना मी ते बफर! काढा म्हणत होते!" नवऱ्याचा चेहरा उतरला होता. त्याच्या मनातही तेच चाललं होतं.

आई ओसरीवर लाकडी फळीवर निजली होती. पाठीखाली घोंगडी. चेहरा पांढरा पडलेला, पण केस विंचरलेले. वहिनीकडून तिने तेवढं करून घेतलं होतं, लेकीकडे जायचं म्हणून. मला बघून म्हणाली, "चहा घ्या आधी."

आम्ही अंगणात उभं राहून बोलायला लागलो. गावात एक जीप आहे, ती विचारावी का? दादा म्हणाला, "जीप तर हिच्याहून लय उडती." नवऱ्याने चाकांतली हवा थोडी सोडली, मग गाडीचं मागचं अंग हाताने दाबून पाहिलं. ते ढिम्म हललं नाही. दादाने आपलं सगळं वजन टाकून दाबलं, तरी नाही. मेकॅनिकने आपलं काम चोख केलं होतं. मी तिथेच पायरीवर बसले. इथून नाशिकपर्यंतचा एक एक खड्डा मी आत्ताच मोजत आले होते.

तेवढ्यात ओसरीवरून आईचा आवाज आला. "दादा, ती दोन पोती बाहेर काढ. जुना तांदूळ हाय, नागली हाय. गाडीत घाल."

माझं डोकंच फिरलं. मी उठून ओसरीवर गेले. "आई, तुझी पाठ मोडलीय! तू पेशंट आहेस! तुला दवाखान्यात नेतोय आम्ही, आणि तुला पोती सुचतात?"

"पाठ दुखतीय माझी, हात नाय दुखत," आई म्हणाली. "आणि माझ्या दारातनं गाडी रिकामी जायाची नाय. मी आडवी हाय म्हणून काय झालं?"

मी आणखी बरंच बोलणार होते. चांगलं तोंडावर आलं होतं. पण मागून नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांब," तो म्हणाला. "थांब जरा. घालू देत."

मी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याचा चेहरा पार बदलला होता. तो दादाला विचारत होता, "दोनच का? अजून काय आहे घरात?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पोत्यांसाठी केलेली गाडी होती ती. तिला पोती हवी होती.

मग जी धांदल उडाली! दादा आणि नवरा पोती आणत होते, वहिनी मोकळी पोती झटकून भरत होती. नवरा प्रत्येक पोतं कुठे ठेवायचं ते ठरवत होता. जड ती मागच्या सीटपुढे पाय ठेवायच्या जागेत, काही डिकीत, पण सीटच्या पाठीला अगदी चिकटून. अधूनमधून तो मागचं अंग दाबून बघायचा. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा थोडंसं, आणि मग एकदा गाडी हाताखाली सावकाश खाली गेली आणि तशीच सावकाश वर आली. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा तशीच. "आता बास," तो म्हणाला, आणि कोपराने घाम पुसला. पाऊस पडत होता तरी त्याला घाम आला होता.

ओसरीवरून आई विचारत होती, "भरली का नीट? जागा ऱ्हायली का?"

पुढची सीट मागे पूर्ण पाडली. तिची पाठ बरोबर तांदळाच्या पोत्यावर टेकली. वर दोन गोधड्या. चौघांनी मिळून आईला फळीसकट उचलून गाडीपाशी आणलं आणि हळूच सीटवर सरकवलं. तिने डोळे घट्ट मिटले होते, पण हूं केलं नाही. मी नवऱ्यामागे बसले, अंग चोरून, आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

गाडी निघाली. घरापासून विहारापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते दगड. मी आईच्या कपाळाकडे बघत होते. आठी पडली की मला कळणार होतं. गाडी डुलत होती, नावेसारखी. समोर तो स्पीडब्रेकर दिसायला लागला. नवऱ्याने गाडी अगदी चालत्या माणसाच्या गतीला आणली. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चाकं चढली. मी आईचं डोकं आणखी घट्ट धरलं. मागची चाकं उतरली. गाडी खाली बसली, वर आली, आणि पुढे गेली.

थोड्या वेळाने आई डोळे मिटूनच म्हणाली, "विहारापुढचा ब्रेकर आला का गं? आला की सांग, मी पदर दातात धरते."

"गेला आई तो," मी म्हटलं.

"गेला?" तिने डोळे उघडले. "कधी?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. नवऱ्याचे कान मला मागून दिसत होते, ते लाल झाले होते. हा माणूस रडवेला झाला की त्याचे कान लाल होतात. हायवेला लागेपर्यंत आणखी खड्डे आले, पण त्या गाडीने एकही आईपर्यंत पोचू दिला नाही. पुढे पुढे तर ती मला विचारायला लागली, या साली कुणाचा भात कसा दिसतोय. तिला खिडकीतून फक्त आभाळ दिसत होतं.

नाशिकच्या दवाखान्यात फोटो निघाले. मी बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मणका दबलाय, पण सरकलेला नाही. पायाला काही होणार नाही. ऑपरेशन नको. पट्टा बांधायचा, आराम करायचा, हळूहळू चालायला लागतील." मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मी पार्किंगमध्ये गाडीपाशी गेले, मागचं दार उघडलं आणि त्या तांदळाच्या पोत्यावर डोकं टेकून मनसोक्त रडले. इतकं हलकं मला माझ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. वॉचमन येऊन म्हणाला, "ताई, गाडी जरा पुढं घ्या." घेतली पुढे.

आई आमच्याकडे दसऱ्यापर्यंत राहिली. आधी पलंगावर, मग खुर्चीत, मग भिंत धरून, मग कॉलनीच्या गेटपर्यंत. चालायला लागल्याबरोबर तिचं घरी जायचं टुमणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाल्या, जा, पण अजून काही महिने हादरा टाळा.

आणि तिथे एक मोठाच पेच आला. आईला हादऱ्याविना न्यायचं तर गाडी भरायला हवी. कशाने? मी मुद्दाम भोळेपणाने विचारलं, "तुझंच धान्य परत भरू का?" आई भडकलीच. "दिलेलं माघारी आणतेस? माझ्या अंगणात उतरवशील का ते?"

"मग गाडी रिकामी नेऊ?"

रिकाम्या गाडीचा उल्लेख झाला की तिची बोलती बंद होते, हे मला पहिल्यांदाच कळलं. नवरा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय. वजन तर लागणारच."

आई पट्ट्यावर हात ठेवून बराच वेळ विचार करत बसली. समोर भिंतीवर बाबांचा फोटो होता, त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं. मग म्हणाली, "गाडीपुरतंच हां. गाडीला लागंल तेवढंच. उगा वर काय नाय."

मी त्या संध्याकाळी बाजारात गेले. इतक्या वर्षांचं सगळं साचलेलं होतं माझं. गहू घेतला, गूळ घेतला, तेलाचे डबे, शेंगदाणे, वहिनीसाठी मोठा कुकर, दादासाठी जाड ब्लँकेट. आणि ती साडी, उडदांसकट परत आलेली. ती मी गव्हाच्या पोत्यात अगदी मध्ये खुपसली. नवरा सगळं रचताना एकदा म्हणाला, "इतकं नाही लागायचं गाडीला." मी त्याच्याकडे फक्त बघितलं. तो म्हणाला, "लागेल, लागेल."

माहेरी पोचलो. विहारापुढचा ब्रेकर आईने या वेळी डोळे उघडे ठेवून पार केला, आणि दुसऱ्या बाजूला गेल्यावर मान हलवली. अंगणात दादा पुढे आला आणि गाडीत डोकावून बघतच राहिला. मला वाटलं, आता आई म्हणेल, गाडीचं काम झालं, माघारी न्या सगळं. मी भांडायची तयारी करूनच उतरले होते. आई सावकाश उतरली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि शेजारणी बघायला जमल्या होत्या त्यांच्याकडे वळून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "उतरवून घ्या रे. माझ्या लेकीनं दिलंय."

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. आईचा पट्टा सुटला, ती पुन्हा बांधावरून माझ्यापुढे चालते. साडीबद्दल ती अजून एक अक्षर बोललेली नाही, पण साडी परत आलेली नाही. माझा नवरा मात्र पश्चात्तापाने पोळलाय. दर रविवारी सतरंजी काढतो आणि म्हणतो, ते बफर आता काढूनच टाकतो, तुझी पाठ तरी वाचेल. मी काढू देत नाही. शाळेत जाताना माझे दात वाजतात, आमटी झाकणाला लागते, शेजारीणबाई रिक्षाने जातात. जाऊ देत.

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "जावईबापूंनी ती गाडी मऊ केली का गं?"

"नाही, आई. तशीच आहे. वजनाशिवाय चालतच नाही."



"बरं हाय," आई म्हणाली. "ऱ्हाऊ दे तशीच."